मनगटाचा विकार, कामाचे स्वरूप आणि ‘बरे होणे’ : कार्पल टनेल सिंड्रोमचा श्रमेतिहास

बीजसंज्ञा : कार्पल टनेल सिंड्रोम, व्यवसायजन्य आजार, हस्तश्रम, नुकसानभरपाई, पुनर्वसन

प्रास्ताविक

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्याचा तळ आणि बाजू मनगटाच्या आठ लहान हाडांनी घडलेल्या असतात आणि वरून एक जाड, आडवा अस्थिबंध छतासारखा ताणलेला असतो. बोटे व अंगठा मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि ‘मीडियन’ या नावाने ओळखला जाणारा मज्जातंतू एवढ्याच जागेतून तळहातात उतरतात. कंडरांभोवतीचे आवरण सुजले किंवा अन्य कारणाने बोगद्यातील दाब वाढला की सर्वांत आधी हा मज्जातंतू चेपला जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात; रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते; पुढे पकड सैल पडते आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजू लागतो. या लक्षणसमूहाला कार्पल टनेल सिंड्रोम असे म्हणतात.

हा आजार केवळ कामामुळेच होतो असे नाही. गर्भारपण, मधुमेह, थायरॉईड ग्रंथीची मंदता, संधिवात, स्थूलता, मनगटाचे जुने अस्थिभंग अशी त्याची अनेक कारणे ज्ञात आहेत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. तथापि, ज्यांचे पोट हातावर आहे अशा माणसांच्या बाबतीत दोन प्रश्न अटळपणे उपस्थित होतात. काम हे या आजाराचे कारण आहे काय, हा पहिला. आणि उपचारानंतर त्याच कामावर परतणारा माणूस खरोखर बरा झाला असे केव्हा म्हणावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर शतकभर वाद झाला. दुसरा मात्र बराच काळ विचारलाच गेला नाही. या दोन प्रश्नांचा इतिहास एकत्र वाचला असता असे दिसते की वैद्यकाने बरे होण्याची कसोटी मज्जातंतूत शोधली, कायद्याने ती हजेरीपटात शोधली. आणि ज्या कामाने हात बिघडला किंवा बिघाड वाढला त्या कामाकडे दोघांनीही पुष्कळ उशिरा पाहिले. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

लेखनिक, तारायंत्र आणि पहिली अनुसूची

हाताच्या श्रमाने हात निकामी होतो ही जाणीव जुनी आहे. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिक व दस्तऐवज लिहिणारे यांच्यावर स्वतंत्र विवेचन केले. सतत बसून राहणे, एकाच दिशेने हाताची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण अशी तीन कारणे त्यांनी सांगितली. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात कामातून गेला, तेव्हा तो चिकाटीने डाव्या हाताने लिहावयास शिकला. थोड्याच काळात डाव्या हातासही तीच व्याधी जडली. रामाझ्झिनींनी नोंदविलेले हे दुखणे आजच्या अर्थाने कार्पल टनेल सिंड्रोम होते असे म्हणता येणार नाही. परंतु हात बदलला आणि काम तेच राहिले, तर आजार नव्या हाताचा पत्ता शोधून काढतो, एवढे त्या नोंदीतून स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकात पोलादी टाक आणि तारायंत्र यांनी अशा व्याधींची संख्या वाढविली. ब्रिटनमध्ये १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रथमच काही व्यवसायजन्य रोगांची अनुसूची तयार केली आणि १९०८ मध्ये तार कर्मचाऱ्यांच्या हाताच्या पेटक्याचा तीत समावेश झाला. शिसे किंवा पारा यांसारख्या विषाने झालेला रोग अनुसूचीत येणे समजण्यासारखे होते. येथे मात्र विष कोणतेच नव्हते, केवळ एकाच हालचालीची पुनरावृत्ती होती. त्यानंतर टपाल खात्याने नेमलेल्या समितीच्या १९११ च्या अहवालात या पेटक्याचे एक कारण थकवा देणाऱ्या पुनरावृत्तीत, तर दुसरे कर्मचाऱ्याच्या दुबळ्या मज्जासंस्थेत शोधले गेले. दोष कामाचा की कामगाराच्या प्रकृतीचा, हा पुढे शतकभर चाललेला वाद अशा रीतीने आरंभीच मांडला गेला होता.

नाव नसलेल्या वेदनेचा शोध

याच काळात रुग्णालयांत वेगळ्याच वाटेने मनगटाचा अभ्यास चालू होता. १८५० च्या दशकात लंडनचे शल्यवैद्य जेम्स पॅजेट यांनी मनगटाजवळील दुखापतीनंतर मीडियन मज्जातंतू चेपला गेल्याची उदाहरणे नोंदविली. १८८० मध्ये बोस्टनच्या जेम्स पुटनम यांनी ३७ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक स्त्रिया होत्या. रात्री किंवा पहाटे हात बधिर होणे, आणि हात झटकल्यावर किंवा पलंगाबाहेर लोंबकळत ठेवल्यावर आराम पडणे, हे आजही निदानाला उपयोगी पडणारे वर्णन त्यांनी केले. कारण मात्र त्यांना रक्तवाहिन्यांच्या आकुंचनात असावे असे वाटले. पुढे जर्मनीत अशा लक्षणांना ‘अॅक्रोपॅरेस्थेशिया’ हे नाव मिळाले आणि ते बराच काळ टिकले.

१९१३ मध्ये फ्रान्सच्या पिअर मारी आणि शार्ल फ्वा यांनी अंगठ्याखालील स्नायू झिजलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शवविच्छेदनात मज्जातंतू नेमका अस्थिबंधापाशी चेपलेला दाखवून दिला. वेळीच निदान झाल्यास अस्थिबंध कापून झीज रोखता येईल, असेही त्यांनी सुचविले. अमेरिकेत जेम्स रॅमसे हंट यांनी त्याच सुमारास अंगठ्याच्या स्नायूंची अशी झीज हातकामाच्या दाबाशी जोडली. म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शरीररचना, शस्त्रक्रिया आणि व्यवसाय असे तिन्ही दुवे लिहिले गेले होते. परंतु ते एकमेकांशी जोडले गेले नाहीत. पुढील तीन दशके हाताच्या बधिरतेचे कारण मानेजवळील जादा बरगडीत किंवा तेथील स्नायूंत शोधले गेले आणि मनगटाच्या दुखण्यासाठी अनेकांच्या मानेपाशी शस्त्रक्रिया झाल्या.

१९३३ मध्ये जेम्स लर्मंथ यांनी दुखापतीनंतर चेपलेला मज्जातंतू अस्थिबंध कापून मोकळा केल्याचे प्रसिद्ध केले. निर्णायक वळण आले ते १९४७ मध्ये. ब्रिटनच्या रसेल ब्रेन, डिकसन राइट आणि मार्शिया विल्किन्सन यांनी कोणतीही दुखापत नसताना दोन्ही हातांचे मज्जातंतू चेपल्याची सहा उदाहरणे दिली. सहाही रुग्ण स्त्रिया होत्या आणि शस्त्रक्रियेने त्यांना आराम पडला. बोगद्यातील दाब मोजून तो मनगट मागे वाकविल्यावर वाढतो, असेही या अभ्यासाने दाखविले. १९५३ मध्ये मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अॅक्रोपॅरेस्थेशिया’ हे बहुतांशी याच विकाराचे रूप असल्याचे मांडले. १९५६ मध्ये जॉन सिम्पसन यांनी मनगटापाशी मज्जातंतूतील विद्युतसंदेश मंदावतो हे मोजून दाखविले. आजाराला नाव मिळाले, शस्त्रक्रिया मिळाली आणि मोजमापही मिळाले.

या मोजमापाचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. आजाराची व्याख्या मज्जातंतूतील संदेशाच्या वेगावर येऊन ठेपली, तेव्हा बरे होण्याची व्याख्याही तेथेच स्थिरावली. अस्थिबंध कापला, मज्जातंतू मोकळा झाला, मुंग्या थांबल्या की वैद्यकाच्या दृष्टीने प्रकरण संपले. रुग्ण दुसऱ्या दिवशी हाताने काय करणार आहे, हा प्रश्न या व्याख्येत मावत नव्हता.

‘गृहिणी’ नावाची नोंद

कार्पल टनेल विकार अमेरिकेतील सामान्य शल्यवैद्यांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय क्लीव्हलंड क्लिनिकच्या जॉर्ज फॅलेन यांना दिले जाते. मनगट दुमडून लक्षणे उमटतात काय हे पाहण्याची त्यांची चाचणी आजही वापरली जाते. १९६६ मध्ये त्यांनी १७ वर्षांच्या अनुभवावर आधारलेला, ६५४ हातांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हा विकार मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांचा असून व्यवसायाशी त्याचा संबंध क्वचितच असतो, असे त्यांचे मत होते. त्यामागील तर्क असा की रुग्णांमध्ये जड श्रम करणारे पुरुष थोडे आणि गृहिणी पुष्कळ होत्या.

हा तर्क आज वाचताना त्यातील गृहीतक उघड होते. ‘गृहिणी’ ही नोंद येथे कामाच्या अभावाची नोंद म्हणून वाचली गेली. कपडे पिळणे, घासणे, पीठ मळणे, शिवण, मुले उचलणे या मनगटावर ताण देणाऱ्या क्रिया घरात वेतनाशिवाय घडत असल्यामुळे त्यांची गणना व्यवसायात झाली नाही. गृहकामामुळेच या स्त्रियांना विकार जडला असे यावरून सिद्ध होत नाही. वय आणि अंतःस्रावांतील बदल यांचाही त्यात वाटा असू शकतो. परंतु श्रम मोजलेच नाहीत, तर श्रम हे कारण नाही असेही सिद्ध होत नाही. फॅलेन यांच्या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. पुढे कारखान्यांतील स्त्रिया हाताचे दुखणे घेऊन दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या वयाकडे, वजनाकडे आणि स्त्रीत्वाकडे आधी पाहिले गेले; यंत्राच्या गतीकडे नंतर.

गती आणि जोर यांचा हिशेब

१९७० नंतर अमेरिकेतील मांसप्रक्रिया, कोंबडीप्रक्रिया, शिलाई आणि मोटार जोडणी या उद्योगांत कामाचे तुकडे अधिकाधिक लहान होत गेले. एका कामगाराच्या वाट्याला एकच हालचाल आली आणि ती सरकत्या पट्ट्याच्या वेगाने करावी लागली. कुक्कुट कारखान्यात थंडगार हवेत, हातमोजे घालून, बोथट होत जाणाऱ्या सुरीने पाळीभर तोच एक काप घ्यावयाचा, असे या कामाचे स्वरूप होते.

मिशिगन विद्यापीठातील बार्बरा सिल्व्हरस्टीन, लॉरेन्स फाइन आणि थॉमस आर्मस्ट्राँग यांनी १९८७ मध्ये सात कारखान्यांतील ६५२ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामगाराला ‘तुझे काम जड आहे काय’ असे केवळ न विचारता त्यांनी कामाचीच वर्गवारी केली : हाताला लागणारा जोर कमी की अधिक, आणि पुनरावृत्ती कमी की अधिक. दोन्ही कमी असलेल्या कामांत विकाराचे प्रमाण ०.६ टक्के, तर दोन्ही अधिक असलेल्या कामांत ५.६ टक्के आढळले. वय, लिंग आदी घटक हिशेबात घेतल्यावर दुसऱ्या गटातील धोका पहिल्याच्या पंधरा पटींहून अधिक ठरला. या अभ्यासाचे महत्त्व आकड्याइतकेच पद्धतीतही आहे. तोवर रुग्णाच्या शरीराचे मोजमाप होत होते. येथे कामाचे मोजमाप झाले.

त्याच सुमारास सरकारी आकडेवारीही बदलत होती. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाकडे वारंवार होणाऱ्या आघातांमुळे उद्भवलेल्या विकारांची नोंद १९८२ मध्ये सुमारे २३ हजार होती. १९९४ मध्ये ती सुमारे ३ लाख ३२ हजारांवर गेली. या वर्गात अन्य विकारही मोडत असल्याने ही संख्या केवळ कार्पल टनेलची मानता येत नाही. शिवाय नोंदणीची सवय वाढल्याचाही तो परिणाम होता. मात्र आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. १९९० च्या दशकात या विकारामुळे कामावर गैरहजर राहण्याचा मध्यक काळ सुमारे चार आठवडे होता आणि अस्थिभंगामुळे होणाऱ्या गैरहजेरीपेक्षा तो अधिक होता. बाहेरून धड दिसणारा हात मोडलेल्या हाडापेक्षा अधिक दिवस कामगाराला घरी बसवीत होता.

अमेरिकेच्या व्यवसाय सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने १९९० मध्ये मांस कारखान्यांसाठी कार्यरचनेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. १९९७ मध्ये तेथील राष्ट्रीय व्यवसाय सुरक्षा व आरोग्य संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा विस्तृत आढावा घेतला. जोर, पुनरावृत्ती आणि कंपन यांचा विकाराशी संबंध असल्याचा पुरावा आहे आणि हे घटक एकत्र आले असता तो पुरावा प्रबळ आहे, असा तिचा निष्कर्ष होता. केवळ मनगटाच्या स्थितीबाबतचा पुरावा तिला अपुरा वाटला.

संगणकाचा भ्रम

सार्वजनिक चर्चेत मात्र या विकाराचे चित्र वेगळेच रंगविले गेले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टंकलेखिका आणि दूरध्वनी कर्मचारी यांच्यात हातदुखीच्या तक्रारींची लाट आली आणि काही वर्षांत ओसरली; ती खरी व्याधी होती की सामाजिक साथ, यावर तेथे कडवट वाद झाला. १९९० च्या दशकात घरोघरी संगणक आले आणि कार्पल टनेल म्हणजे कळफलकाचा आजार अशी समजूत रूढ झाली.

संशोधनाने या समजुतीला फारसा आधार दिला नाही. डेन्मार्कमध्ये हजारो संगणक-वापरकर्त्यांचा वर्षभर मागोवा घेणाऱ्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकाचा वापर हा या विकाराचा गंभीर धोका ठरत नाही असे दिसले. पुढे अमेरिकेतील सहा संशोधनगटांनी आपली माहिती एकत्र केली. २०१३ च्या त्यांच्या निबंधानुसार चार हजारांहून अधिक कामगारांत विकाराचे प्रमाण ७.८ टक्के होते. २०१५ मध्ये याच संघाने दाखविले की धोका वाढतो तो जोर लावून केलेल्या हालचालींमुळे, त्यांच्या वारंवारतेमुळे आणि जोर लावण्यात जाणाऱ्या वेळामुळे. जोराविना होणारी नुसती पुनरावृत्ती किंवा मनगटाचा कोन यांचा तसा संबंध आढळला नाही.

या निष्कर्षाला सामाजिक अर्थ आहे. कार्यालयातील कळफलकाला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी सुरी, पकड आणि कंपन पावणारे हत्यार यांना मिळाली नाही. २०१४ मध्ये साउथ कॅरोलायना राज्यातील एका कुक्कुट कारखान्याच्या सरकारी पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी ४२ टक्क्यांना कार्पल टनेल विकाराची चिन्हे आढळली. याच वर्षी तेथील कृषी खात्याने कोंबड्यांच्या प्रक्रियापट्ट्याचा वेग मिनिटाला १७५ पक्ष्यांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव मागे घेऊन १४० ची मर्यादा राखली. २०१८ पासून मात्र काही कारखान्यांना १७५ पर्यंतची सूट देण्याचा मार्ग खुला करण्यात आला.

बरे होण्याची तीन मोजमापे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. शस्त्रक्रियेने हा विकार बरा होतो काय? सर्वसाधारण रुग्णांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे. नेदरलंड्समध्ये १७६ रुग्णांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत तीन महिन्यांनंतर शस्त्रक्रियागटातील ८० टक्के, तर रात्री मनगटपट्टी बांधणाऱ्या गटातील ५४ टक्के रुग्णांना आराम पडला होता. अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण अनुक्रमे ९० आणि ७५ टक्के होते.

परंतु ‘आराम पडणे’ आणि ‘हात चालणे’ या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. उघड्या शस्त्रक्रियेनंतर पकडीच्या शक्तीचा मागोवा घेणाऱ्या १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन आठवड्यांनी पकड पूर्वीच्या २८ टक्के आणि सहा आठवड्यांनी ७३ टक्के भरली. ती पूर्ववत होण्यास सुमारे तीन महिने लागले. मुंग्या बहुधा लवकर थांबतात. कापलेला अस्थिबंध सांधेपर्यंत तळव्याच्या मुळाशी दुखत राहते, आणि सुरी किंवा हत्यार नेमके तेथेच रुतते. म्हणून दोन आठवड्यांनी टाके काढलेला लिपिक बरा ठरतो, तर त्याच दिवशी टाके काढलेला खाटीककामगार बरा नसतो. शस्त्रक्रिया एक, जखम एक, परंतु बरे होणे दोन प्रकारचे.

कामावर केव्हा परतावे याविषयी वैद्यकातही एकवाक्यता नाही. ब्रिटनमधील हस्तशल्यवैद्य व उपचारतज्ज्ञ यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टेबलावरील कामासाठी सरासरी सात दिवस, हलक्या पुनरावृत्तीच्या कामासाठी पंधरा दिवस आणि जड कामासाठी तीस दिवस अशी शिफारस आढळली. पण जड कामाच्या बाबतीत निरनिराळ्या तज्ज्ञांच्या शिफारशी एका दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत पसरलेल्या होत्या. ज्याचा रोजगार रजेच्या चिठ्ठीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हे अंतर लहान नाही.

तिसरे मोजमाप विमा व नुकसानभरपाई यंत्रणांचे : कामगार हजर झाला की तो बरा. भरपाई मिळणारे रुग्ण इतरांपेक्षा उशिरा कामावर परततात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. या निरीक्षणाचा अर्थ बरेचदा कामचुकारपणा असा लावला गेला. तथापि, भरपाईस पात्र ठरणारा कामगार बहुधा जड हातकाम करणारा असतो. त्याला परतावयाचे असते ते ज्या कामाने हात बिघडला त्याच कामावर. हा फरक बाजूला ठेवून केलेली तुलना लिपिकाची आणि खाटीककामगाराची तुलना ठरते. अमेरिकेतील मेन राज्यात शस्त्रक्रिया झालेल्या कामगारांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांनी अधिक व्यापक चित्र दिले. कामगाराची शारीरिक व मानसिक स्थिती, त्याचा आत्मविश्वास आणि मालकाचे सहाय्यक धोरण यांवर कामातील पुनःस्थापना अवलंबून असते, असे २००४ च्या निबंधातून दिसले. यांपैकी शेवटची गोष्ट शल्यवैद्याच्या हाती नसते.

कायद्याच्या दारात

कामाचे स्वरूप बदलण्याचे अधिकार कायद्याकडे होते. अमेरिकेत दहा वर्षांच्या तयारीनंतर कार्यरचनेविषयीचा राष्ट्रीय नियम नोव्हेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००१ मध्ये अमलात आला. उद्योगसंघटनांनी खर्चाचा मुद्दा पुढे केला. मार्च २००१ मध्ये काँग्रेसने तो रद्द ठरविला आणि २० मार्चला अध्यक्ष जॉर्ज बुश यांची त्यावर स्वाक्षरी झाली.

पुढच्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयापुढील टोयोटा खटल्याचा निकाल लागला. केंटकीतील मोटार कारखान्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांनी काम करणाऱ्या एका स्त्रीला दोन्ही हातांचा कार्पल टनेल विकार झाला होता. तिला तपासणी विभागात हलविण्यात आले. तेथील चारपैकी दोन कामे तिने सुमारे तीन वर्षे व्यवस्थित केली. १९९६ मध्ये सर्वांनी चारही कामे फिरत्या क्रमाने करावीत असा निर्णय झाला. नव्याने वाट्याला आलेल्या कामात मिनिटाला सुमारे एक या गतीने मोटारींच्या पत्र्यावर तेल पुसावयाचे आणि त्यासाठी कित्येक तास हात खांद्याच्या उंचीवर धरावयाचे होते. लवकरच मान, खांदे आणि हात पुन्हा दुखू लागले. जुनी दोनच कामे द्यावीत ही आपली मागणी नाकारली गेली, असे तिचे म्हणणे होते. कंपनीने ते अमान्य केले.

जानेवारी २००२ मध्ये न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की अपंगत्व ठरविताना विशिष्ट नोकरीतील हालचालींपेक्षा बहुतेकांच्या दैनंदिन जीवनात मध्यवर्ती असलेल्या क्रिया पाहाव्यात. दात घासणे, अंघोळ, घरकाम ती करू शकत होती ही बाब तिच्या विरोधात गेली. १९६६ मध्ये गृहकाम हे काम न मानल्याने स्त्रियांचा विकार व्यवसायाबाहेर ठरला होता. २००२ मध्ये गृहकाम करता येते म्हणून कामगार स्त्री अपंगत्वाबाहेर ठरली. २००८ मध्ये काँग्रेसने अपंगत्व कायद्यात दुरुस्ती करून न्यायालयाचा हा निकष स्पष्टपणे नाकारला. ही दुरुस्ती जानेवारी २००९ पासून लागू झाली.

अन्यत्र प्रगती अनुसूचींच्या वाटेने झाली. ब्रिटनने १९९३ मध्ये कंपन पावणाऱ्या हत्यारांमुळे होणाऱ्या कार्पल टनेल विकाराला आणि २००७ मध्ये मनगटाच्या सतत पुढे-मागे वाकण्याने होणाऱ्या विकारालाही व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित सूचीत दीर्घकाळ जोराने व वारंवार केलेले काम, कंपन आणि मनगटाच्या टोकाच्या स्थिती यांमुळे उद्भवणारा हा विकार नावानिशी समाविष्ट झाला.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी देण्यात आली होती. शिसे, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक यांची विषबाधा. सिलिकोसिस, बिसिनोसिस, अॅस्बेस्टोसिस हे धुळीचे रोग. गोंगाटाने येणारे बहिरेपण असे तिचे स्वरूप होते. पुनरावृत्तीच्या हस्तश्रमाने चेपल्या जाणाऱ्या मज्जातंतूला तिच्यात स्थान नव्हते. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनेही हीच चौकट मुख्यतः पुढे चालविली. विष आणि धूळ यांना शत्रू मानणारी ही दृष्टी गिरणी-कारखान्यांच्या युगात घडली. सोलापूरच्या घराघरांत विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या बोटांची पुनरावृत्ती अशा चौकटीत बसत नाही, कारण तिचे घर कारखाना नाही आणि तिच्या मनगटात कोणतेही विष सापडणार नाही. रोग कळविण्याची तरतूद नसेल, तर त्याची गणना होत नाही. गणना झाली नाही, तर तरतुदीची मागणीही उभी राहत नाही.

समारोप

कार्पल टनेल विकाराच्या या इतिहासात वैद्यकाचे यश मोठे आहे. ज्या दुखण्यासाठी एके काळी मानेपाशी शस्त्रक्रिया होत, ते आज काही मिनिटांच्या शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत दूर होते. मात्र या यशाचे मोजमाप ज्या रुग्णाला डोळ्यांपुढे ठेवून झाले, तो उपचारानंतर हाताला विसावा देऊ शकणारा रुग्ण होता. ज्याला तो देता येत नाही, त्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया हा उपचाराचा अर्धा भाग ठरतो. उरलेला अर्धा भाग पट्ट्याचा वेग, सुरीची धार, हत्याराचे कंपन, विश्रांतीची मिनिटे आणि कामांच्या वाटपाचा क्रम यांत आहे. केंटकीतील कामगार स्त्रीची तीन वर्षे नेमके हेच दाखवितात : काम बदलले तेव्हा ती कामावर टिकली, आणि काम पुन्हा बदलले तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. मधल्या काळात तिचे मनगट तेच होते.

काम हे आजाराचे एकमेव कारण आहे काय, हा वाद पुढेही चालू राहील आणि शास्त्रीयदृष्ट्या तो आवश्यकही आहे. परंतु बरे होण्याचा प्रश्न त्या वादाच्या निकालावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. आजार मधुमेहाने झालेला असो वा सुरीने, नुकत्याच सांधलेल्या मनगटाला सुरी तेवढ्याच जोराने धरावी लागते. म्हणून कामगाराच्या बाबतीत ‘बरा झाला’ असे लिहिण्यापूर्वी तो कोणत्या कामासाठी बरा झाला हे लिहिणे अगत्याचे आहे. रुग्णपत्रिकेतील व्यवसायाचा रकाना बहुधा एका शब्दात भरला जातो. त्या एका शब्दाऐवजी हाताला दिवसभर काय करावे लागते याची नोंद झाली, तर वैद्यक, कायदा आणि कामगार यांची तीन वेगवेगळी मोजमापे एकमेकांजवळ येऊ शकतील.